सल्फ्युरिकच्या जागी माती: सांगलीजवळच्या एका एस्टर कारखान्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातल्या एका छोट्या रासायनिक कारखान्याचं आहे. माणसं आणि कारखाना ओळखू येऊ नये इतपत तपशील बदलले आहेत. रसायन मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे. माझा संबंध प्रक्रिया सल्लागार म्हणून आला.

कारखान्याचा मुख्य माल आयसोॲमिल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्याचा वास असलेलं हे एस्टर (अल्कोहोल आणि आम्ल जोडून होणारं संयुग) थिनर आणि लॅकरमध्ये जातं. कच्चा माल या भागात हाताशी आहे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळीपासून अल्कोहोल काढताना फ्युजेल ऑइल नावाचा जड, उग्र वासाचा अंश वेगळा निघतो. यीस्ट ल्युसिन या अमिनो आम्लापासून आयसोॲमिल अल्कोहोल तयार करतं आणि फ्युजेलमध्ये मोठा वाटा त्याचाच असतो. मिठाच्या पाण्याने धुऊन इथेनॉल काढायचं, मग ऊर्ध्वपातनाच्या कॉलममध्ये चढवून १३१ अंशांच्या आसपास उकळणारा भाग घ्यायचा. हे काम तिथे वर्षानुवर्षं चाललेलं होतं.

पुढचा टप्पा पाठ्यपुस्तकातला. आयसोॲमिल अल्कोहोल, ॲसिटिक ॲसिड आणि उत्प्रेरक (स्वतः न संपता प्रक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणून थोडं सल्फ्युरिक ॲसिड ग्लास-लाइन्ड (आतून काचेचं अस्तर असलेल्या) रिॲक्टरमध्ये रिफ्लक्सवर, म्हणजे वाफ थंड करून परत आत सोडत उकळत, ठेवायचं. तयार होणारं पाणी डेकँटरमधून (पाण्याचा थर वेगळा करणाऱ्या भांड्यातून) काढत राहायचं. शेवटी सोडा ॲशच्या (सोडियम कार्बोनेटच्या) पाण्याने आम्ल मारायचं, म्हणजे उदासीन करायचं, थर वेगळे करायचे, एस्टर डिस्टिल करायचं.

अडचण

अडचण सांडपाण्याची होती. ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, मर्यादेत बसत नव्हता, क्षारही वाढले होते. शिवाय सल्फेट असलेलं पाणी हवेशिवायच्या टाकीत गेलं की तिथले जिवाणू त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात. सडक्या अंड्यासारखा वास शेजारच्या प्लॉटपर्यंत जायचा आणि तक्रारी यायच्या. ग्लास-लाइनिंगही एकदा उडालं होतं. ते परत करून घ्यायचं म्हणजे रिॲक्टर उचलून पाठवायचा आणि तोवर हातावर हात ठेवून बसायचं.

मालकांनी एका चर्चासत्रात मातीच्या उत्प्रेरकांबद्दल ऐकलं आणि फोन केला. ‘सर, ॲसिड बंद करायचंय. माती टाकून एस्टर होतंय म्हणतात. खरं काय?’

खरं होतं, पण नवं नव्हतं. १९३० च्या दशकात यूजीन हूड्री यांनी पेट्रोलियमचे जड अंश फोडण्यासाठी आम्लप्रक्रिया केलेली मातीच वापरली. १९६० च्या दशकात झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांची स्फटिकरूप ॲल्युमिनोसिलिकेटं) आले आणि मातीची ती जागा गेली. पुढे १९८० च्या दशकात सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ पुन्हा तिच्याकडे वळले. मॉन्टमोरिलोनाइट के-१० ही आम्लप्रक्रिया केलेली माती, तिच्यावर झिंक क्लोराइड बसवून केलेलं ‘क्लेझिक’, फेरिक नायट्रेट बसवलेलं ‘क्लेफेन’ अशी नावं तेव्हापासून रूढ आहेत.

आधी कचऱ्याचा हिशेब

इथे पहिला निर्णय आला. लगेच मातीचे नमुने मागवायचे, की आधी सध्याचा कचरा कुठून येतो ते पाहायचं? मालकांना नमुने हवे होते. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मॅडमनी बॅचशीटची वही पुढे केली आणि आम्ही एक टन एस्टरचा हिशेब मांडला.

एक टन एस्टरला अल्कोहोल ६७७ किलो आणि ॲसिटिक ॲसिड ४६१ किलो लागतं, पाणी १३८ किलो सुटतं. सल्फ्युरिक १५ किलो टाकलं जात होतं. ते मारल्यावर सुमारे २२ किलो सोडियम सल्फेट होतं. पण अल्कोहोल पूर्ण वापरलं जावं म्हणून ॲसिटिक ॲसिडही १० टक्के जास्त टाकलं जात होतं. म्हणजे ४६ किलो जास्तीचं आम्ल दर टनामागे सोड्यात जात होतं आणि त्याचं ६३ किलो सोडियम ॲसिटेट होत होतं.

म्हणजे एकूण क्षारांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश ॲसिटेट होतं. सल्फेटमुळे वास आणि क्षार वाढत होते, पण सीओडीत त्याचा वाटा शून्य. सीओडीचं मूळ ॲसिटेटमध्ये आणि पाण्यात विरघळलेल्या अल्कोहोलमध्ये होतं. नुसता उत्प्रेरक बदलून आम्लाचं प्रमाण तसंच ठेवलं असतं, तर कारखान्यावर ‘हरित’ अशी पाटी लागली असती आणि ईटीपीचा सीओडी होता तिथेच राहिला असता.

मालक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे माती नको?’ माती हवीच होती, पण तिच्यासोबत प्रमाणही उलटं करायला हवं होतं. अल्कोहोल जास्त आणि ॲसिटिक कमी घेतलं, तर उरलेलं अल्कोहोल कॉलममध्ये परत मिळतं. एस्टर १४२ अंशांना उकळतं, अल्कोहोल १३१ ला. फरक कमी आहे, पण फ्युजेलसाठीचा कॉलम त्यांच्याकडे होताच.

पर्याय

सल्फ्युरिक तसंच ठेवून फक्त प्रमाण बदलायचं, हा सगळ्यात स्वस्त मार्ग होता. सीओडी त्यानेही उतरला असता. पण सल्फेट आणि रिॲक्टरची झीज राहिली असती, आणि गरम सल्फ्युरिकमध्ये अल्कोहोल काळवंडतं, थोडं ईथरही होतं, तेही राहिलं असतं. पॅरा-टोल्युइन सल्फोनिक ॲसिडने रंग सुधारतो, पण तेही विरघळणारंच. शेवटी सोड्याने मारावंच लागतं.

सल्फोनेटेड पॉलिस्टायरिनचं आयन-विनिमय रेझिन (आम्लाचे गट बसवलेलं प्लॅस्टिक) हा मातीचा खरा प्रतिस्पर्धी. आम्लता भरपूर, गोळ्यांच्या रूपात असल्यामुळे गाळायची कटकट नाही. मात्र नेहमीच्या प्रकारांची तापमानमर्यादा १२० अंशांच्या आसपास असते. पाणी निघत असताना रिॲक्टर शंभरच्या आत-बाहेर असतो, पण बॅचच्या शेवटी तापमान त्या मर्यादेकडे सरकतं. शिवाय फ्युजेलमध्ये नायट्रोजनयुक्त क्षारधर्मी पदार्थ थोडे असतात. ते आम्लाच्या जागा अडवतात, आणि महाग रेझिन असं मरू देणं परवडणारं नव्हतं.

मातीमध्ये पुन्हा तीन वाटा होत्या. तयार के-१० विकत घ्यायची, खाद्यतेल रिफायनरीत तेलाचा रंग काढायला वापरतात ती ॲसिड-ॲक्टिव्हेटेड ब्लीचिंग अर्थ घ्यायची, किंवा आपणच बनवायची. तिसरी कल्पना शिफ्ट सांभाळणाऱ्या नानांची. ते शेतकरी माणूस. ‘साहेब, मॉन्टमोरि का काय म्हणताय ते आमच्या काळ्या रानात असतंय म्हणं. मग विकत कशाला आणायचं?’

नानांचं अर्धं म्हणणं अगदी बरोबर होतं. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटाची खनिजं भरपूर असतात. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगते, ते याच खनिजामुळे. त्याच्या एकेका पापुद्र्यात ॲल्युमिनाच्या थराला वरून आणि खालून सिलिकाचा थर असतो. ॲल्युमिनियमच्या काही जागी मॅग्नेशियम बसल्यामुळे पापुद्र्यावर ऋण भार उरतो आणि तो फेडायला पापुद्र्यांच्या मधे सोडियम, कॅल्शियमचे आयन येऊन राहतात. हे आयन बदलता येतात. त्यांच्या जागी हायड्रोजन किंवा ॲल्युमिनियम आणला की माती आम्लधर्मी होते.

पण आपल्या काळ्या रानात चुनखडी असते, लोह असतं, सेंद्रिय पदार्थ असतात. टाकलेलं आम्ल आधी चुनखडी खाते. लोह सुटून मालाला रंग येतो. एका बांधावरची माती दुसऱ्या बांधासारखी नसते. सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. माती आम्लात उकळून धुतली की ॲल्युमिनियम, लोह आणि मॅग्नेशियमचे सल्फेट घेऊन आम्लधर्मी पाणी बाहेर पडतं. एस्टरच्या बॅचमधून काढलेलं सल्फ्युरिक मागच्या दाराने परत आलं असतं. विकतच्या मातीमागेही असं पाणी कुठेतरी निघतंच, पण जिथे हेच काम मोठ्या प्रमाणावर होतं तिथे ते हाताळण्याची सोय असते.

ब्लीचिंग अर्थ स्वस्त होती, सहज मिळत होती. तिच्यापासून सुरुवात करायचं ठरलं.

पहिली चाचणी

काचेच्या फ्लास्कमधली पहिली चाचणी डोळे दिपवणारी निघाली. पाणी जवळजवळ सल्फ्युरिकइतक्याच वेगाने उतरत होतं. मालक खूश झाले आणि लगेच मोठ्या रिॲक्टरवर घ्यायला निघाले.

हा दुसरा निर्णय, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा. इतका चांगला निकाल मला खटकला. आम्लप्रक्रिया केलेल्या मातीत नीट न धुतलं गेलेलं मोकळं आम्ल बरेचदा शिल्लक असतं. पाण्यात कालवल्यावर तिचा पीएच तीनच्या आसपास येतो, तो काही सगळा पापुद्र्यांवरच्या प्रोटॉनमुळे (हायड्रोजन आयनांमुळे) नसतो. मग एस्टर कोण बनवत होतं? माती, की मातीला चिकटून आलेलं सल्फ्युरिक?

याची परीक्षा सोपी आहे. निम्मी प्रक्रिया झाली की मिश्रण गरम असतानाच गाळून माती बाजूला काढायची आणि नुसता द्रव पुन्हा रिफ्लक्सवर ठेवायचा. माती खरोखर घन उत्प्रेरक असेल तर वेग एकदम पडायला हवा. एकदम थांबणार नाही, कारण ॲसिटिक ॲसिड स्वतःही थोडं काम करतं. म्हणून शेजारी मातीविना एक कोरी चाचणीही लावावी लागते. मॅडमनी दोन्ही लावल्या. गाळलेला द्रव कोऱ्या चाचणीपेक्षा बराच पुढे गेला. मग त्यांनी माती ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळली आणि त्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकले. पांढरा साका बसला, म्हणजे पाण्यात सल्फेट होतं.

म्हणजे आम्ही मातीच्या पिशवीतून सल्फ्युरिकच विकत आणलं होतं.

मालक म्हणाले, ‘मॅडम, काम होतंय ना? मग कोण करतंय ते बघायचं कशाला?’ व्यवहाराच्या दृष्टीने प्रश्न रास्तच होता. उत्तरही व्यवहाराचंच होतं. मोकळं आम्ल पहिल्या बॅचला निघून जाणार, तेवढा सोडा लागणारच, आणि दुसऱ्या बॅचला हीच माती निम्मंही काम करणार नाही.

माती सल्फेट संपेपर्यंत धुतली, ११० ते १२० अंशांवर वाळवली आणि पुन्हा चाचणी घेतली. वेग उतरला, पण कोऱ्या चाचणीपेक्षा स्पष्टपणे जास्त राहिला. गरम गाळणीनंतर तो कोऱ्या चाचणीच्या पातळीवर आला. के-१० च्या नमुन्याने थोडं बरं काम केलं, पण किंमत पाहता फरक पुरेसा नव्हता. शेवटी पुरवठादाराकडून धुऊन दिलेली, कमी मोकळ्या आम्लाची ब्लीचिंग अर्थ घ्यायचं ठरलं.

वाळवण्याचं तापमान का महत्त्वाचं, ते सांगतो. पापुद्र्यांमधल्या धातूच्या आयनांभोवती जे थोडं पाणी उरतं, ते आयनाच्या ओढीमुळे प्रोटॉन सहज सोडतं. पाणी फार असेल तर ही आम्लता पातळ होते आणि माती फार तापवली तर ते पाणीच निघून जातं. एस्टरिफिकेशनमध्ये पाणी सतत तयार होत असतं, म्हणून डेकँटर चांगला चालणं मातीच्या बाबतीत सल्फ्युरिकपेक्षाही जास्त गरजेचं.

मोठ्या रिॲक्टरवर

एकूण कच्च्या मालाच्या ५ टक्के माती, म्हणजे टनाला ५७ किलो. नानांनी पोतं पाहूनच विचारलं, ‘पंधरा किलो ॲसिडच्या जागी एवढी माती? मग कचरा कमी कसा हुणार?’ याचा हिशेब आधीच करून ठेवला होता. दोनच बॅच वापरून माती फेकली तर सोडियम सल्फेटपेक्षा जास्त घन कचरा होतो. तीन बॅचनंतर पारडं फिरतं. त्यामुळे पुनर्वापर जमलाच पाहिजे होता.

इथे शोधनिबंधांतल्या एका सवयीबद्दल बोलायला हवं. ‘उत्प्रेरक पाच वेळा वापरला, उतारा तोच’ असं वाचायला मिळतं. पण दर वेळी प्रक्रिया भरपूर वेळ चालवली आणि शेवटीच उतारा मोजला, तर निम्मा मेलेला उत्प्रेरकही तिथवर पोहोचतोच. म्हणून आम्ही बॅच संपल्यावरचा आकडा बाजूला ठेवला. रिफ्लक्स सुरू झाल्यावर पहिल्या तासात किती पाणी उतरलं, तो आकडा बॅचशीटवर घेतला. ऑपरेटरला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, डेकँटरची पातळी लिहायची एवढंच.

पहिली कुरकुर गाळणीची आली. माती बारीक, ढवळण्याने आणखी बारीक होते. स्पार्कलर फिल्टरच्या प्लेट चोंदायला लागल्या. ढवळणीचा वेग कमी केला, प्लेटवर आधी फिल्टर एडचा (गाळणी मोकळी ठेवणाऱ्या भुकटीचा) थर बसवला, तेव्हा काम चालू लागलं. गरम असताना फिल्टर उघडायची मनाई केली. या एस्टरचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) २५ अंशांच्या आसपास आहे आणि सांगलीच्या मे महिन्यात शेडमधली हवाच त्याच्या वर असते. नायट्रोजनने दाबून द्रव काढायचा, थंड करायचं, अर्थिंग तपासायचं, मगच उघडायचं.

दुसरी अडचण वहीत दिसली. दोन-तीन बॅच ठीक गेल्या आणि मग पहिल्या तासाचा आकडा अपेक्षेपेक्षा फारच वेगाने घसरला. माती काळसर झाली होती, त्यामुळे सगळ्यांचा संशय फ्युजेलमधल्या फरफ्युरलवर गेला. आम्लात त्याचं डांबर होऊन छिद्रं बुजतात. माती गरम अल्कोहोलने धुतली. रंग उजळला, आकडा मात्र हलला नाही.

कारण नानांशी केकबद्दल, म्हणजे फिल्टरच्या प्लेटवर साचलेल्या मातीच्या थराबद्दल, बोलताना कळलं. ‘केक प्लेटला चिकटून बसतोय, सुटत न्हाई. म्हणून पाण्याची नळी मारतोय की.’ पाणी कुठलं? बोअरचं. या भागात बोअरचं पाणी जड. त्यातला कॅल्शियम पापुद्र्यांवर जाऊन बसत होता आणि तिथला प्रोटॉन पाण्यासोबत गटारात जात होता. आयन बदलता येतात म्हणून माती उत्प्रेरक होते, आणि त्याच गुणाने ती दर धुण्याला आपली आम्लता गमावत होती.

उपाय म्हणून आधी स्टीम कंडेन्सेट (वाफ थंड होऊन मिळणारं, क्षार नसलेलं पाणी) वापरायचं ठरलं. पण नानांनीच पुढची युक्ती काढली. पुढच्या बॅचला अल्कोहोल टाकायचंच असतं, मग त्यानेच केक फोडून रिॲक्टरमध्ये ढकलला तर? माती पाण्याला शिवतच नाही, वाळवायचं काम वाचतं, फिल्टर फारसा उघडावाही लागत नाही. जोडणीत थोडा बदल केला आणि तीच पद्धत कायम झाली.

वापरलेल्या मातीचं काय

कितीही जपलं तरी माती कधीतरी थकते. ‘मातीच आहे, रानात पसरू’, ‘वीटभट्टीवाल्याला देऊ’ असे सल्ले मिळाले. दोन्ही नाकारले. तिच्यात अल्कोहोल, एस्टर, डांबर शोषलेलं असतं. २०१६ च्या घातक कचरा नियमांत असे वापरलेले उत्प्रेरक येतात. वाफेने त्यातलं सेंद्रिय द्रव्य काढून माती बंद ड्रममध्ये भरायची आणि परवाना असलेल्या केंद्राकडेच पाठवायची. प्रक्रिया बदलल्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातही बदल करून घ्यावा लागला. हे कागद चाचण्यांच्या सोबतच सुरू केले होते, म्हणून पुढे काम अडलं नाही.

निकाल

मातीच्या बॅचमधून सल्फेट संपलं. ॲसिटिकचं जास्तीचं प्रमाण काढल्यामुळे सोड्याचा वापर थोड्या धुण्यापुरता उरला आणि सीओडी उतरला. त्याचं बरंचसं श्रेय मातीपेक्षा बदललेल्या प्रमाणाचं आहे, हे मालकांनाही मान्य आहे. डेकँटरच्या पाण्यात थोडं अल्कोहोल आणि आम्ल विरघळून जातंच, ते ईटीपीला अजून जातं. एस्टरचा रंग डिस्टिलेशनआधीच फिका येतो. वासाच्या तक्रारी कमी झाल्या.

किंमतही मोजावी लागली. एका बॅचला सल्फ्युरिकच्या साधारण दीडपट वेळ लागतो, म्हणजे त्याच रिॲक्टरमधून महिन्याला माल कमी निघतो. उरलेलं अल्कोहोल परत काढायला वाफ जास्त लागते. दिवाळीच्या आधी रंगकामाचा हंगाम आणि थिनरची मागणी वाढली की मालक एक रिॲक्टर अजूनही सल्फ्युरिकवर चालवतात. तिथेही प्रमाण मात्र नवंच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

प्रमाण बदलण्याचं काम मातीच्या आधी, सल्फ्युरिकवरच करून घ्यायला हवं होतं. त्याला ना नवी खरेदी लागत होती, ना नवी परवानगी. सीओडीचा ताण आधीच उतरला असता आणि मातीच्या चाचण्या घाईविना झाल्या असत्या. दोन्ही बदल एकत्र केल्यामुळे कशाचा परिणाम किती, हे वेगळं काढायला नंतर जास्तीच्या चाचण्या लागल्या.

धुण्याची पद्धत प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यावर ठरली आणि कारखान्यात बोअरवर चालली. चाचणीच्या फ्लास्कमध्येच बोअरचं पाणी एकदा घालून पाहिलं असतं, तर आकडा का घसरतोय ते आधीच दिसलं असतं. नाना चाचण्यांच्या वेळी प्रयोगशाळेत असते तर बहुधा तेच म्हणाले असते.

रेझिनचा पर्याय मी इतक्या लवकर सोडला नसता. रिॲक्टरच्या बाहेर, कमी तापमानाच्या छोट्या खांबात रेझिन ठेवून मिश्रण त्यातून फिरवत राहिलं तर तापमानाची अडचण टळते आणि गाळणीही वाचते. अडतं ते फ्युजेलमधल्या क्षारधर्मी पदार्थांपाशी. त्यावर सध्या एक चाचणी चालू आहे: बॅचमधून बाद झालेली माती लगेच ड्रममध्ये न भरता कॉलमनंतरचं अल्कोहोल आधी तिच्यावरून न्यायचं. एस्टर बनवण्याइतकी आम्लता तिच्यात उरलेली नसते, पण ते पदार्थ पकडण्यापुरती असते का, ते मॅडम टायट्रेशनने पाहत आहेत.